आगीनंतर दोनदा रंग दिला, तरी पावसाळ्यात जळकट वास परत येतो? आधी हे तपासा

जून लागतो, दोन-तीन दणदणीत सरी पडतात आणि घराचं कुलूप उघडलं की तोच जळकट वास नाकात शिरतो. थंडीत नव्हता, उन्हाळ्यात नव्हता. आलेगेले म्हणत होते, इथे आग लागली होती हे सांगितल्याशिवाय कळणारही नाही. आणि आता छताच्या कोपऱ्यात, नव्याकोऱ्या पांढऱ्या रंगातून, चहा सांडून वाळल्यासारखे पिवळट-तपकिरी डाग वर आलेले. रंगारी म्हणतो, ओल आहे. शेजारी म्हणतात, वरच्यांचं बाथरूम गळतंय. तुम्ही पुन्हा रंग देता आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

आईच्या डोंबिवलीच्या घरात आम्ही हे लागोपाठ दोन पावसाळे सोसलं. तिसऱ्या वेळी सगळं मुळापासून केलं, तेव्हा सुटलो. त्यात जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे. आग विझल्यावर माणूस इतका हादरलेला असतो की ‘लवकर रंग देऊन टाकू, घर पहिल्यासारखं दिसू दे’ एवढंच सुचतं. आम्हालाही तेवढंच सुचलं होतं.

आमच्याकडे आग मोठी नव्हती. दिवाळीनंतर आई मावशीकडे गेली होती आणि फ्रिजमागच्या प्लगमध्ये शॉर्ट सर्किट झालं. शेजाऱ्यांनी खिडकीतून धूर पाहिला, खाली जाऊन मीटरवरून वीज बंद केली, अग्निशमन दल आलं. जळालं ते ओट्याशेजारचा एक कोपरा: फ्रिज, दोन ट्रॉल्या, पडदा. पण बंद घरात धूर मात्र तासभर कोंडला होता. आणि तो लाकडाचा धूर नव्हता. फ्रिजचं प्लास्टिक, आतला फोम, वायरींवरचं पीव्हीसी यांचा होता. काळा, चिकट, तेलकट. बेडरूममध्ये एक वस्तू जळाली नाही, तरी तिथल्या कपाटाच्या मागची भिंत काळी झाली होती.

डिसेंबरात रंगाऱ्याने भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, पुट्टी भरली आणि इमल्शनचे दोन हात मारले. काम सफाईदार होतं. चूक त्याच्या हाताची नव्हती, कामाच्या क्रमाची होती.

वास पावसातच का येतो

काजळी म्हणजे नुसती काळी पूड नाही. तिच्यासोबत डांबरासारखे चिकट पदार्थ असतात आणि ते गिलाव्याच्या, पुट्टीच्या, लाकडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात. कोरड्या हवेत ते तिथेच धरून राहतात. कोकणपट्टीत पावसाळ्यात हवा ओलीचिंब होते, तेव्हा ते पाणी त्याच छिद्रांत शिरतं आणि वासाचे रेणू बाहेर ढकलतं. मेमध्ये वास गेला असं वाटतं, तेव्हा तो भिंतीतच असतो.

डागांचंही तसंच. पाण्यात कालवलेला रंग (डिस्टेंपर, इमल्शन, अ‍ॅक्रिलिक प्रायमर) काजळीवर मारला की त्यातलं पाणीच त्या तपकिरी अर्काला वर खेचतं. दोन हात मारा की चार, डाग फुटून वर येतोच. वरून गळत असेल तर डागाला कडा असते, खालचा रंग फुगतो, पोपडे सुटतात. काजळीचा डाग सपाट असतो, हात लावला तर कोरडा लागतो, आणि बहुतेक वेळा छत व भिंत मिळतात तिथे, खिळ्यांभोवती किंवा बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगाला उमटतो. गरम धूर थंड पृष्ठभागाकडे ओढला जातो आणि तिथेच काजळी टाकतो, म्हणून त्याचे डाग या जागा निवडतात. आम्ही वर्षभर वरच्या मजल्यावरच्यांना नाहक दोष देत होतो, याचं अजून वाईट वाटतं.

पीव्हीसी जळलं असेल तर आणखी एक लक्षण दिसतं. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं. दारांच्या बिजागऱ्या, नळांचे मोहरे, पंख्याचे स्क्रू चार महिन्यांत गंजायला लागले, तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढला, तर ती ‘समुद्राकडची हवा’ नाही. ते आगीचंच उरलेलं काम आहे.

रंगाच्या आधी दोन गोष्टींची खात्री

जिथे ज्वाळा लागल्या तिथला गिलावा सुटून आतली सळई दिसत असेल, किंवा काँक्रीटला गुलाबी छटा आली असेल, तर तिथे पुट्टी भरून झाकू नका. साधारण 300 अंश सेल्सिअसच्या पुढे काँक्रीटमधल्या लोहाच्या संयुगांमुळे असा रंग येतो आणि तिथून पुढे त्याची ताकद कमी होत जाते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सोसायटीला लेखी कळवा. स्लॅब तुमच्या एकट्याचा नसतो.

दुसरं, वायरिंग. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने, इन्सुलेशन तपासून घ्या. रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली आलं तर त्या लाइनला वीज जोडू नका. ‘दिवा लागतोय ना, मग झालं’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

वास कुठून येतो ते शोधणं

हेच खरं काम आहे आणि हेच सगळे वगळतात. घरात राहणाऱ्याचं नाक थोड्या वेळात सरावतं, म्हणून शोध नेहमी बाहेरून येऊन घ्यायचा. आम्ही रात्रभर दारं-खिडक्या बंद ठेवल्या, पंखे बंद, आणि सकाळी खाली चक्कर मारून आल्यावर वही घेऊन एकेका जागेशी नाक नेलं. आईने आणि मी वेगवेगळ्या याद्या केल्या आणि मग ताडून पाहिल्या.

संशयाच्या जागी दोन साध्या परीक्षा करा. पांढरं कोरडं फडकं दाबून पुसा. राखाडी किंवा पिवळट आलं तर काजळी शिल्लक आहे. फडकं स्वच्छ आलं तरी वास असेल, तर तिथे साध्या पाण्याचा हलका फवारा मारा, वर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटपट्टीने लावा आणि दुसऱ्या दिवशी उचलून लगेच वास घ्या. पावसाळा त्या हातभर जागेपुरता बोलावून पाहिल्यासारखं आहे हे. यामुळे मे महिन्यातही कळतं की जूनमध्ये कोणती भिंत बोलणार आहे. बोर्ड, प्लग, वायरी यांच्या जवळ मात्र फवारा मारू नका.

आमच्याकडचा सगळ्यात मोठा साठा निघाला स्वयंपाकघरातल्या माळ्यावर. माळ्याची खालची बाजू आणि पुढची कडा दोनदा रंगवली होती. वरची बाजू? तिथे आग लागण्याआधीपासून पाट, जुनी समई, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीच्या मखराचं सामान होतं. सामान आम्ही पुसून परत वर ठेवलं होतं. काँक्रीटचा तो उघडा, खरबरीत, कधीच रंग न लागलेला पृष्ठभाग आणि त्यावरचं छत, दोन्हींवर बोटाने अक्षर काढता येईल एवढी काजळी होती. धूर वर जातो, माळ्यावर कोंडतो, आणि तिथे कोणी शिडी लावून पाहत नाही. तुमच्याकडे माळा असेल तर शोधाची सुरुवात तिथून करा.

दुसरी जागा मला कधीच सुचली नसती. बेडरूममध्ये पलंगाशेजारच्या बोर्डापाशी वास यायचा. आपल्या घरांत वायरी भिंतीच्या आत पीव्हीसीच्या पाइपातून फिरतात आणि ते पाइप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. स्वयंपाकघरातल्या बोर्डातून शिरलेला धूर त्या पाइपांच्या वाटेने थेट बेडरूमच्या बोर्डात उतरला होता. एमसीबी बंद करून इलेक्ट्रिशियनने प्लेट उघडली तेव्हा आतला डबा काळा आणि स्क्रू हिरवट. आम्ही त्या लाइनीच्या वायरी बदलल्या, धातूचे डबे आणि स्विच नवे बसवले. पाइपांची तोंडं कोरडी पुसून घेतली आणि बंद केली.

बाकीच्या जागा लवकर सांगते. एसी लावताच वास आला तर आतल्या युनिटचा कॉइल आणि ब्लोअरचा पंखा. जाळ्या धुऊन भागत नाही, मेकॅनिककडून युनिट उघडून धुवावं लागतं. पंखा सुरू केल्यावर आला तर पात्यांची वरची बाजू. कपाट उघडल्यावर आला तर प्लायवूडच्या कच्च्या कडा आणि भिंतीकडची पाठ, जिथे सनमायका नसतो. फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या वरची पोकळी. दारांच्या चौकटींचा वरचा माथा, पडद्यांच्या पेल्मेटची आतली बाजू, बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या, एक्झॉस्ट फॅनचं भोक, फ्रिजच्या दाराचं रबर, देवघराची मागची फळी.

काढायचं कसं

मास्क एन-95 दर्जाचा, हातमोजे, पूर्ण बाह्या. काजळीत कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात. लंडनच्या डॉक्टर पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला तो 1775 साली. लहान मुलं, दमेकरी आणि म्हातारी माणसं काम चालू असताना घरात नकोतच. आईला आम्ही दोन महिने भाड्याच्या खोलीत ठेवलं. तिला ते अजिबात आवडलं नाही, पण ते योग्य होतं.

पहिला नियम: पाणी शेवटी. कोरड्या काजळीवर ओलं फडकं फिरवलं की तिची शाई होते आणि ती भिंत पिते. डिसेंबरात आमच्याकडे नेमकं हेच झालं. आधी एचईपीए (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्यूमने, ब्रश भिंतीला न घासता, सैल काजळी ओढून घ्या. साध्या व्हॅक्यूमची बारीक काजळी मागून परत खोलीत येते. मग कोरडा रबरी स्पंज, वरून खाली, एकाच दिशेने. तोंड काळं झालं की तो थर कापून टाकायचा, स्पंज धुवायचा नाही. ऑनलाइन मिळतो. अमेरिकेत कोळशाच्या शेगड्यांमुळे भिंतीवरच्या कागदावर बसलेली काजळी टिपायला एके काळी पिठाचा गोळा विकत. 1956 साली तोच मुलांचं प्ले-डो म्हणून बाजारात आला. आईला हे सांगितल्यावर तिने घट्ट कणकेच्या गोळीने देवघराच्या नक्षीतली काजळी टिपली आणि ती निघालीही. भिंतींना मात्र स्पंजच हवा, कणकेचे कण मागे राहिले तर बुरशी धरते.

त्यानंतर धुणं. बादलीभर कोमट पाण्यात अर्धी वाटी धुण्याचा सोडा आणि थोडा द्रव साबण. इथे क्रम उलटा: भिंत खालून वर धुवायची. वरून सुरुवात केली तर काळ्या पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि ते ओघळ पुढे निघत नाहीत. मग साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या, सोडा राहिला तर त्यावर प्रायमर नीट धरत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांना आणि एसीच्या कॉइलला हा सोडा लावू नका, तो धातू खातो.

आधीच एकदा-दोनदा रंग मारून काजळी झाकली असेल, जसं आमचं होतं, तर पुट्टीसकट खरवडून गिलाव्यापर्यंत जावं लागतं. पत्री घेऊन सहा दिवस दोन माणसं खरवडत होती. आधी पुट्टीच्या थरातला जळकट वास कोणालाच खरा वाटत नव्हता. पोपडे गोणीत भरून गॅलरीत ठेवले, त्यावर पाणी शिंपडलं, तेव्हा रंगाऱ्यानेच नाक धरलं.

कढईतलं तेल किंवा पातेल्यातलं मटण जळून धूर झाला असेल तर प्रकार वेगळा. तिथे काळं काही दिसतच नाही, फक्त पिवळसर चिकट पापुद्रा आणि उग्र वास. लोक म्हणतात, काजळी नाही मग धुवायचं काय? सगळं, टाइल्सच्या सांध्यांसकट, सोड्याच्या पाण्याने धुवायचं.

मग वाळू द्या. हे काम जानेवारी ते एप्रिलमध्येच करा. ओल्या गिलाव्यावर प्रायमर मारला तर ओल आत कोंडते आणि पावसाळ्याआधीच फोड येतात.

उरलेलं अडवायचं कशाने

काढून, धुऊन, वाळवूनही खोल बसलेलं थोडं राहतंच. त्याच्यावर पाण्याचा प्रायमर नको. भिंतींना आम्ही सॉल्व्हंटचा, म्हणजे टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा सिमेंट प्रायमर वापरला, दोन हात. नवा गिलावा केला असेल तर तो पुरता पिकून वाळेपर्यंत, निदान महिनाभर, थांबा.

लाकडाला आणि प्लायवूडच्या कच्च्या पाठींना उत्तम उपाय आपल्या सुतारांच्या हातातला आहे: चपडा लाख. झारखंड-छत्तीसगडकडे पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख डाग आणि वास दोन्ही कोंडून ठेवते. परदेशात आगीनंतर वापरले जाणारे काही खास प्रायमर याच लाखेचे असतात. एक लिटर स्पिरिटला साधारण 250 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवला, मलमलीतून गाळला आणि कपाटांच्या पाठी, ड्रॉवरचे तळ, चौकटींचे माथे यांना दोन-दोन हात दिले. माळ्याच्या जुन्या, कोरड्या काँक्रीटलाही तेच दिलं. ताज्या गिलाव्यावर लाख टिकत नाही, चुन्याचा गुण तिला मारतो. आणि स्पिरिट पेट घेतं: गॅस बंद, देवापुढचा दिवा बंद, खिडक्या उघड्या.

प्रायमर वाळला की लगेच सगळं घर रंगवू नका. सगळ्यात वाईट डाग होता तिथे फूटभर चौकोनात रंगाचा एक हात मारा, दोन दिवस थांबा, मग फवारा आणि फॉइलची परीक्षा करा. डाग आला तर तिथे प्रायमरचा आणखी एक हात. आमचा एक कोपरा तिसऱ्या हाताला गप्प झाला.

काय ठेवायचं, काय टाकायचं

पीठ, मसाले, डाळी, औषधं, प्लास्टिकचे डबे, नॉनस्टिक भांडी टाकायची. आईने कैरीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी दोन दिवस धरून ठेवली होती. दादरा बांधलेला होता, तरी ती टाकली. बरणी मात्र धुऊन ठेवली. तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने घासून लगेच कोरडी करा. कापसाच्या गाद्या पुन्हा पिंजून घेण्याचा मोह होतो; पिंजल्याने वास जात नाही, आम्ही पैसे घालवून पाहिलं.

कपडे आधी बाहेर झटकायचे, मग सोडा घालून धुवायचे, आणि वास पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करायची नाही, उष्णतेने तो पक्का बसतो. रेशमी साड्या घरी न चोळता थेट ड्रायक्लीनिंगला. आजीच्या लुगड्यांची एक गोधडी होती. तिला चार धुणी आणि गच्चीवरची पंधरा दिवसांची उन्हं लागली. प्रत्येक वेळी आई तिच्यात तोंड खुपसून वास घ्यायची आणि मान हलवायची. पाचव्यांदा मान हलली नाही. ती गोधडी आता तिच्या पायथ्याशी असते.

ऊद, धूप, कापूर जाळून वास घालवायचा प्रयत्न करू नका. ज्या भिंतींतून धूर काढतोय त्यांनाच पुन्हा धूर पाजतो आपण. रूम फ्रेशनरने चार तास निघतात, एवढंच. ओझोनची मशीन भाड्याने देणारे भेटतील. ओझोन फुप्फुसाला घातक आहे, रबराला तडे पाडतो, आणि काजळी जागेवर असेल तर त्याचा गुण टिकत नाही.

खर्चाबद्दल एक गोष्ट

विमा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवू नका, काळ्या भिंतींचे, माळ्याचे, उघडलेल्या बोर्डांचे फोटो काढा आणि अग्निशमन दलाचा दाखला मागून घ्या. 1 एप्रिल 2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत आगीचं नुकसान येतं, आणि घर विम्यात असेल तर घरातल्या सामानालाही घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, संरक्षण असतं. घरासाठी कर्ज काढलं असेल तर त्यासोबत अशी काही पॉलिसी दिली होती का, ते जुन्या कागदांत बघा. दावा करताना ‘रंगकाम’ अशी एकच ओळ लिहू नका. काजळी कोरडी काढणं, धुणं, खरवडणं, डाग अडवणारा प्रायमर, वायरिंग, एसी उघडून धुणं, प्रत्येकाचं वेगळं कोटेशन जोडा. पहिल्यांदा मागायचं राहिलं ते दुसऱ्या पावसाळ्यानंतर मागता येत नाही. आमचे दोन वेळचे रंगाचे पैसे असेच खिशातून गेले.

फेब्रुवारीत काम सुरू केलं, एप्रिलच्या शेवटी संपलं. जून, जुलै गेले. ऑगस्टमध्ये आठवडाभर झड लागली होती तेव्हा घर मुद्दाम बंद ठेवून पाहिलं. कुलूप उघडल्यावर ओल्या कपड्यांचा वास आला, डोंबिवलीतल्या कोणत्याही घरात येतो तसा. एक जागा राहिली आहे: बाथरूमच्या दाराची लाकडी चौकट. तिला लाखेचे तीन हात दिले तरी खालच्या वीतभर भागाला, जिथे रोज पाणी लागतं, अजून वास येतो. दिवाळीनंतर ती काढून ग्रॅनाइटची बसवणार आहोत.